खोक बघू

सन्माननीय अध्यक्ष रामहरी आबा, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते डॉक्टर मोहनराव, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, आणि बारामती, कन्हेरी, कऱ्हाटीहून कामं टाकून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी कन्हेरीचा झुंबर. इंटरमधून कॉलेज सोडलेला. का सोडलं, ते डॉक्टरांना ठाऊक आहे. त्यांच्या दारी मी काही मागायला गेलो होतो. ते म्हणाले, "आधी बी.ए. हो, मग ये." मी रागानं कॉलेजच सोडलं आणि मुंबईला जाऊन मालवाहू बोटीवर चढलो! आबा हसताहेत. हसा.

त्याआधी सुट्टीत मी डॉक्टरांकडे केसपेपर लिहीत असे. एकदा साखरबाई आल्या.

"कसं हाय, साखरबाई?"

"बरं हाय की, डाक्टर."

"बरं हाय, तर कऱ्हाटीवरनं माझं तोंड बघाया आलीस व्हय? खोक बघू."

त्या खोकल्या आणि पोट धरून खालीच बसल्या. डॉक्टर मला म्हणाले, "लिही. आणि आपल्या माणसाच्या 'बरं हाय'वर कधी जाऊ नकोस."

बोटीवर मी एकटा गेलो नाही. कऱ्हाटीच्या जोतीरामला ओढून नेलं, बॉयलरवर कोळसा टाकायला. धोंडामावशी, त्याची आई, समोर बसल्या आहेत. त्यांना हे आजच कळतंय. मावशी, शिव्या नंतर द्या.

उत्तरेच्या समुद्रात, दोरखंडांवर बर्फ चढलेलं असताना, जोतीरामचं पोट दुखू लागलं. बोटीवर डॉक्टर नाही. एक औषधांची पेटी, एक पुस्तक आणि बिनतारी यंत्र. किनाऱ्यावरचा डॉक्टर यंत्रावरून विचारणार, मी जोतीरामला मराठीत विचारणार, उत्तर इंग्रजीत परत. दुपारी प्रश्न आला: दुखणं कसं आहे?

"जोत्या, कसं हाय रं?"

"बरं हाय आता. थांबलंय."

मी कळवलं: बरा आहे. उत्तर आलं: पुढं चला. बंदर चौदा तास मागं होतं, आणि दर तासाला आणखी मागं पडत होतं.

मंडळी, तो शब्द मी पाठवला होता. पाठवून दोन तास स्वस्थ बसलो होतो! मग कानात या डॉक्टरांचा आवाज आला. धावत खाली गेलो. "जोत्या, खोक बघू."

"बरं हाय म्हनलं न्हवं? कशाला—"

"खोक!"

तो खोकला आणि त्याची किंकाळी बॉयलरच्या आवाजावर ऐकू गेली.

पुन्हा संदेश. आता उत्तर वेगळं: आतडं फुटलं असावं, पेनिसिलिन टोचा, पाणीही देऊ नका, बोट वळवा. कप्तान वळवीना. मी कागद त्याच्यापुढं आपटला. म्हटलं, "वळवत नाही असं लिहून द्या, तेवढंच डॉक्टरला कळवतो." त्यानं माझ्याकडं बघितलं, शिवी घातली आणि बोट वळवली.

जोतीराम तिसऱ्या रांगेत बसला आहे. सदरा वर करू नकोस रे, ऑपरेशनचा व्रण आहे एवढं सांगितलं तरी पुरे!

आता शेवटचं. मघाशी दारात डॉक्टरांनी विचारलं, "कसं हाय, झुंबर?" मी म्हणालो, "बरं हाय." डॉक्टर, तुम्ही मला खोकायला का सांगितलं नाही? परवा तुम्ही घरच्यांना, लेकीलाही घेऊन इंदापूरला निघणार. जूनमध्ये मी कॉलेजात पुन्हा नाव घालतोय; बी.ए. होऊन पुन्हा तुमच्या दारी येणार. तोवर मी बरा नाही. जाण्याआधी एकदा तपासून जा.

आबा, पाच मिनिटं दिलीत, त्याचे आभार. ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. भरल्या सभेत बोलू नये ते बोललो असेन, तर लहान समजून सोडून द्या. फक्त डॉक्टर, ते तपासून जायचं वाक्य सोडून देऊ नका.