रंगावर बसवलेली वायर

भाऊजी : आणि सीटखालून लोंबकळणारी ही काळी वस्तू काय आहे, मास्तर? गाडीचं आतडं बाहेर आलंय का?

मास्तर : अ‍ॅम्प्लिफायरची वायर आहे, भाऊजी. थेट बॅटरीपासून आणली आहे.

भाऊजी : आणली नाहीस, फरफटवलीस. अगं, ये इकडे. बघ तुझ्या भावाचं कर्तृत्व. तुझ्या वडिलांनी ही गाडी अशी जपली की आत बसताना पाहुण्यांना बूट झटकावे लागायचे. आणि या भूगोलाच्या मास्तरानं तिच्या पोटात नद्यांचा नकाशा काढून ठेवला आहे. उगम बॅटरीत. समुद्राला कुठे मिळतात, ते याला तरी ठाऊक आहे का, विचार.

ताई : मला तर छान वाटतंय. त्या नव्या टेपमधून निळा उजेड येतो.

भाऊजी : निळा उजेड! शवागारात असतो तसा. वस्तू चांगली वाजत नसली की तिला उजेड लावतात.

मास्तर : हेडलाइटही बदलले, भाऊजी. जुने फार मिणमिणायचे. रिले बसवला, दोन्ही दिव्यांना स्वतंत्र वायर दिली. आता लांबपर्यंत रस्ता दिसतो.

भाऊजी : रस्ता दिसून तू जाणार कुठे? घर आणि शाळा, शाळा आणि घर. ते अंतर तू आयुष्यभर डोळे मिटून कापत आला आहेस. दिव्यांवर कशाला जुलूम?

ताई : अहो, त्यानं हौसेनं केलंय सगळं. सुट्टीचे दिवस घातले त्यात.

भाऊजी : तेच सांगतो आहे. हौसेला हात फुटले की असं होतं. जन्मभर मी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसलो. वायर कशी वळवायची, कुठे बांधायची, याच्यासाठी माणसं माझ्याकडे येऊन उभी राहायची. आणि इथे माझ्याच सासुरवाडीत हा चिकटपट्टीचा संसार!

मास्तर : गाडी बघायला मी बोलावलं, ते खरंच आहे. पण त्याआधी एक विचारायचं होतं. उद्या मालक स्टुडिओत येणार आहेत. आमच्या हिला, धाकटीला काढलं, आता तिच्या जागी दुसरं कुणी नेमणार, असं ऐकलं.

भाऊजी : बरोबर ऐकलंस. नेमणार.

मास्तर : तुम्ही शब्द टाकलात, तर मालक तिला परत घेतील.

भाऊजी : घेतील. म्हणूनच टाकणार नाही. तुझी बायको माझ्या हाताखाली आली, ती तुझ्या या बहिणीच्या हट्टानं. नात्यातली आहे, घ्या सांभाळून. घेतली. अंधांच्या ग्रंथालयासाठी आम्ही अख्खी कादंबरी वाचून घेतली. वाचणाऱ्या बाईंनी त्या पुस्तकात जीव ओतला होता. आणि त्या सगळ्या वाचनाच्या पाठीमागे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक बारीक शीळ! ग्रंथालयानं काम परत पाठवलं. ज्यांना दिसत नाही, त्यांना ती लगेच सापडली. हेडफोन चढवून बसलेल्या बाईला सापडली नाही. तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ते जे काही आहे, ते चष्म्याच्या काड्या टेकवायला दिलेलं आहे.

ताई : हळू बोला हो. ती त्या खिडकीमागेच आहे, भांडी विसळतेय.

भाऊजी : ऐकू जाणार असेल तर जाऊ दे. वाद त्याचाच तर आहे.

मास्तर : ती म्हणते, तिनं तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

भाऊजी : सांगितलं होतं, नाही कोण म्हणतो? मी हेडफोन घेतले. ऐकलं. शीळ नव्हती. याचा अर्थ, मी उठून गेल्यावर तिनं काहीतरी हलवलं आणि ती आत आली. हेच मी मालकांना सांगितलं आणि हेच पुन्हा सांगेन.

मास्तर : तेव्हापासून तिनं घरात रेडिओ लावलेला नाही. दारावर कुणी टकटक केली, तर उठत नाही. आधी माझ्याकडे बघते. विचारते, वाजलं ना?

ताई : हे तू मला कधी बोलला नाहीस.

भाऊजी : नम्रता आली म्हणायची, उशिरा का होईना. चल, बॉनेट उघड. आलोच आहे, तर हेही दुःख बघून घेतो. फ्यूज कुठे आहे?

मास्तर : हा इथे. बॅटरीला लागूनच.

भाऊजी : हं. बरोबर आहे. एखादी गोष्ट अपघातानं बरोबर होते. आणि आवाजाची बारीक वायर? ती या जाडीच्या गळ्यात गळा घालून नेली असशील.

मास्तर : नाही, ती पलीकडच्या बाजूनं नेली. दोघींना लांब ठेवलं.

भाऊजी : कुठेतरी वाचलं असशील. तुझ्यासारखी माणसं वाचतात आणि मग वस्तूंवर हात टाकतात. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची वायर कुठे बांधलीस?

मास्तर : सीटखाली, त्या बोल्टला.

भाऊजी : टॉर्च दे... अरे, अरे, अरे! अगं, हे बघ. याला म्हणतात अडाणीपणाचा कळस. रंगावर बसवली आहे यानं! मास्तर, रंग म्हणजे पत्र्यानं पांघरलेली गोधडी. ती दूर सारल्याशिवाय पत्रा काय बोलणार तुझ्याशी? खाली लखलखीत धातू दिसेपर्यंत घासायचं असतं, मग वायर बसवायची. अशा अर्धवट जोडणीतून इंजिनाची सगळी कुरकुर स्पीकरमध्ये शिरते. बारीक शीळ. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढत जाते, सोडला की उतरते. न ऐकता सांगतो तुला. वाद्य बघितलं की सूर कळतो मला.

मास्तर : सुरू करू गाडी?

भाऊजी : कर. तुझं पाप तुला ऐकवतो. आवाज मोठा ठेव, गाणं लावू नकोस. नुसती शांतता वाजू दे. मी मागे बसतो. दाब आता.

(इंजिन सुरू होते, आणि चारही दारांमधून एक बारीक, टोकदार शीळ निघते, मास्तरांचा पाय दाबेल तशी चढत जाते. ताई दात आवळून कानांशी हात नेतात आणि मध्येच खाली घेतात. मास्तर आरशातून भाऊजींचा चेहरा पाहत राहतात. मान तिरकी, डोळे मिटलेले; त्या चेहऱ्यावर काहीही हलत नाही.)

भाऊजी : अजून दाब. ... हं. ... अजून.

मास्तर : दाबतोय.

भाऊजी : नाही.

मास्तर : काय नाही?

भाऊजी : शीळ नाही. काय नशीब आहे लेकाचं! चूकसुद्धा तुझ्या हातून धड होत नाही, मास्तर. एवढी चुकीची जोडणी करूनही गाडी बिचारी गप्प बसली. सासरेबुवांची पुण्याई असेल.

ताई : अहो...

भाऊजी : काय?

ताई : काही नाही.

भाऊजी : ऐक, ऐक जरा. अशी पाहिजे पार्श्वभूमी. कोऱ्या भिंतीसारखी. त्यावर शब्द ठेवला की त्याची सावली पडली पाहिजे. तुझ्या बायकोला बोलाव बाहेर. म्हणावं, निर्मळ शांतता म्हणतात ती ही. एकदा ऐकून ठेव.

मास्तर : भाऊजी, शीळ येतेय.

भाऊजी : कुठे?

मास्तर : सगळ्या दारांतून. चढतेय, उतरतेय. तुम्ही सांगितलीत तश्शी.

भाऊजी : मास्तर, पोरांना फळ्यापुढे उभं करून असले खेळ करत असशील. माझ्याशी करू नकोस.

ताई : येतेय हो.

भाऊजी : तू भावाची री ओढणारच.

ताई : माझे दात शिवशिवताहेत त्या आवाजानं. बबड्या, बंद कर ती गाडी आधी. बंद कर म्हणते ना!

मास्तर : केली. ... भाऊजी, काल संध्याकाळी ही शीळ नव्हती. गेल्या महिन्यात होती. तेव्हा ही वायर मी खरोखरच अडाणीपणानं रंगावर बसवली होती. मला कळलंच नाही. मला वाटलं, गाण्यातलंच एखादं वाद्य असेल. धाकटी मागे येऊन बसली, तुम्ही बसलात तिथेच. म्हणाली, ही गाडीबरोबर चढतेय, म्हणजे गाण्यातली नव्हे. मग मी शोधत बसलो. रंग घासला, वायर बसवली, शीळ गेली. आज सकाळी त्या बोल्टखालच्या जागेवर मी पुन्हा रंग दिला. वाळल्यावर वायर आवळली.

ताई : मुद्दाम?

मास्तर : मुद्दाम.

ताई : शी! घरी जेवायला बोलावून माणसाला चाचणी लावतोस? इतका हलक्या मनाचा कधी झालास तू? तोंडावर विचारायला जीभ नव्हती?

मास्तर : विचारलं होतं, ताई. तुझ्यासमोर विचारलं होतं. यांनी माझी टोपी उडवली, आणि तू हसलीस.

भाऊजी : वा. म्हणजे मघापासून मी एका भूगोलाच्या मास्तरापुढे परीक्षेला बसलो होतो. पण एक विसरतोस तू. गाडी सुरू व्हायच्या आधीच मी सांगितलं होतं, शीळ येणार.

मास्तर : बघून सांगितलंत.

भाऊजी : म्हणजे?

मास्तर : टॉर्चच्या उजेडात. डोळ्यांनी.

भाऊजी : ... तुझ्या त्या स्वस्तातल्या स्पीकरमध्येच काहीतरी दोष असेल. माणूस एका जागी बसला की एखादा स्वर त्याच्यापर्यंत पोचत नाही, असंही होतं. यामागे शास्त्र आहे. तुला सांगून कळणार नाही.

ताई : पुरे आता. गच्चीवर बसलो होतो, आठवतं? यंदा रातकिडे आलेच नाहीत म्हणालात. मी हो म्हटलं.

भाऊजी : मग?

ताई : रान उठवलं होतं त्यांनी. मला तुमचं बोलणंसुद्धा नीट ऐकू येत नव्हतं.

भाऊजी : तू हो म्हणालीस.

ताई : म्हणाले. ताप आला तेव्हा थर्मामीटर काखेत धरून बसला होतात. तो वाजून वाजून थांबला. मी म्हटलं, सेल गेला असेल. वाटलं, घरातली गोष्ट घरात राहील. ती त्या पोरीच्या अंगावर जाऊन पडेल, असं नव्हतं वाटलं. आणि पडली, तेव्हाही मी गप्पच बसले.

भाऊजी : सुरू कर.

मास्तर : राहू द्या, भाऊजी.

भाऊजी : दया दाखवू नकोस. ती तुला शोभत नाही, आणि आज तर मुळीच नाही. सुरू कर. दाब. ... आहे?

मास्तर : आहे.

भाऊजी : कशी आहे?

मास्तर : म्हणजे काय सांगू?

भाऊजी : न पाहिलेल्या वाळवंटांची वर्णनं करून पोट भरतोस ना? कर वर्णन.

मास्तर : बारीक आहे. काचेवरून कुणी नख ओढत नेतंय, आणि काच संपतच नाही, अशी.

भाऊजी : हं. तशीच असते. बंद कर. ... बाकीचं सगळं येतं रे अजून. वाचणाऱ्या बाई घोट गिळतात तो, खुर्ची कुरकुरते तो, सगळे आवाज. उंच स्वरांचं, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड तेवढं गेलं. जाताना सांगून गेलं नाही. मी आपला खालून बघत होतो. खिडक्या उघड्या दिसत होत्या, म्हणून धरून चाललो, की आहेत.

मास्तर : मला तुम्हाला असं खाली बघायला लावायचं नव्हतं, भाऊजी.

भाऊजी : लावायचंच होतं. एक गोष्ट तरी धड कबूल कर. पाना दे. आणि पॉलिश पेपर.

मास्तर : मी करतो ना.

भाऊजी : तुझं काम बघितलं मी. बोल्टखाली वॉशरसुद्धा घातला नाहीस. शाळेत तुला फळा तरी पुसता येतो का रे? टॉर्च धर. तिथे नको, इथे. माझ्या हातावर नाही, बोल्टवर.

ताई : आणि उद्याचं काय?

भाऊजी : उद्या तिला माझ्याबरोबर पाठवा स्टुडिओत. ... नाही. मलाच तिच्याबरोबर पाठवा. काय झालं ते मालकांना मी सांगेन. ती बोलायला लागली, तर मध्ये तोंड घालणार नाही.

मास्तर : मालक तुम्हाला काढून टाकतील.

भाऊजी : टाकतीलच. त्यांच्या जागी मी असतो, तर वर चार शब्द ऐकवून काढलं असतं. ... झालं. आता बघ, याला म्हणतात घासणं. चेहरा दिसतो पत्र्यात. वायर बसवली, आवळली. दारं उघडी टाक सगळी. कर सुरू. दाब. ... गेली?

मास्तर : गेली.

भाऊजी : तुला नाही विचारलं. तुला ती वाद्य वाटली होती.

ताई : गेली हो. मलाही नाही येत आता.

भाऊजी : तुझी साक्ष नको. तू माझ्यासाठी रातकिडे नाहीसे केलेस. ती खिडकी उघड. तिला विचार.

ताई : धाकटे... अगं, पुस ते डोळे. ऐकलंस ना सगळं? हे विचारताहेत, शीळ गेली का?

भाऊजी : काय म्हणाली?

ताई : थांबा, ऐकतेय ती. ... म्हणते, किंचित आहे अजून.

मास्तर : मला तर अजिबात—

भाऊजी : तू गप्प. ती आहे म्हणतेय ना?

ताई : हो.

भाऊजी : मग आहे. पाना दे.