पुढे बसलेल्या बाईची साक्ष

मी मासा पाहिला नाही. नाही म्हणजे नाही! किती वेळा सांगायचं? मासा होता की नव्हता, केवढा होता, काळा होता की चंदेरी, यातलं मला काहीही ठाऊक नाही, कारण जे काही झालं ते होडीच्या मागे झालं, मी पुढे बसले होते आणि माझी पाठ होती. यात न समजण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा! पण आमच्या घरी सकाळपासून... जाऊ द्या. नाही, जाऊ कशाला द्या, ऐकाच.

तुम्हाला सांगते, दोघांची कयाक ही वस्तू ज्याने कुणी काढली, त्याला संसाराचा अनुभव नसावा. शेंगेसारखी अरुंद होडी, तिला दोन खळगे. पुढच्याने पुढे तोंड करून बसायचं, मागच्यानेही पुढेच तोंड करून बसायचं. म्हणजे मागच्याला दिसते पुढच्याची मान, आणि पुढच्याला दिसतं सगळं जग, फक्त मागचा माणूस वगळून! पुढे मी, मागे माझे सासरे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, बोलणं कमी, हात स्थिर. आणि आता त्याच हातांना गारठ्याने मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांनी पुढच्या वर्षीपासून तळ्यावर जायची मनाई केलेली. म्हणजे ही शेवटची खेप. आणि इतक्या वर्षांत बाबांच्या गळाला एकही सांगण्याजोगा मासा लागलेला नाही!

हे कुणी लक्षातही ठेवलं नसतं, पण बाबांना थोरले भाऊ आहेत ना. आमचे मोठे काका, निवृत्त मुख्याध्यापक. तळ्याकाठचं घर दोघा भावांचं, सुट्टीत सगळे तिथे एकत्र, आणि जेवायला बसलं की काकांचा मासा वाढलाच म्हणून समजा. "असा! इथून... इथपर्यंत! होडीशेजारी आला, दोरा तोडून गेला! खोटं वाटत असेल तर हिला विचारा, ही पुढेच बसली होती. काय गं?" की मोठ्या काकू भांड्यातून नजर न उचलता म्हणणार, "हो, पाहिला." झालं! मग काका बाबांकडे वळून, "तुझं काय रे? यंदाही शेवाळंच का?" आणि बाबा आपले हसणार. दर वर्षी हसणार.

म्हणून यंदा बाबांनी साक्षीदार म्हणून मला नेलं. मलाच का? तर मी संख्याशास्त्र शिकवते आणि चमचाभर मीठ घाल म्हटलं तर सपाट की शिगोशीग ते विचारते. "तू म्हणालीस तर दादा मान्य करील," बाबा म्हणाले. नवऱ्याची पाठ नेमकी तेव्हाच धरली होती, तेव्हा तो सुटला.

तळं कसं, तर खोल, बर्फासारखं गार, आणि इतकं नितळ की तळाचे गोटे हात घातला की येतील असं वाटावं. निघताना माझी केसांची क्लिप पाण्यात पडली, तर ती बुडताना मला दिसली, दिसली, दिसतच राहिली! टाचणीएवढी झाली तरी दिसते आहे! म्हणजे विचार करा, तळ्यातली क्लिप मला दिसली आणि होडीमागचा मासा दिसला नाही. तर अशा पाण्यात माशालाही आपण दिसतो म्हणे. म्हणून दोरा केसासारखा बारीक, आणि म्हणून बोलायचं नाही, खोकायचं नाही, वल्हं आपटायचं नाही. मासे तळाशी, बाबांनी शिसं लावून गळ पार खाली सोडलेला, वल्ही दोघांचीही होडीवर आडवी, मागून मंद वारा, होडी आपली तरंगत पुढे.

आणि एकदम मागून, "अगं!"

एवढंच. होडी थांबली. मग मागे गेली. वाऱ्याच्या उलट, मागे! मग गर्रकन नाक फिरलं, समोरचा डोंगर गेला आणि तिथे किनारा आला, धप्प आवाज झाला आणि माझ्या मानेतून पार कमरेपर्यंत असं काही गार पाणी गेलं की मी... मी मान वळवणारच ना? मान वळवली तर होडी कलली! "हलू नकोस!" बाबा ओरडले. त्या पाण्यात पडलं तर श्वास अडकतो, हे काका दर वर्षी बजावतात, आणि तेवढ्याबाबत माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मी हलले नाही. सगळं शांत झालं. मग मागून अगदी बारीक आवाजात, "सूनबाई... पाहिलास ना?"

"काय, बाबा?"

"मासा."

"बाबा, माझी पाठ होती."

"थोडासा?"

"थोडासाही नाही."

"पाण्यात सावलीबिवली?"

किनाऱ्याला लागेपर्यंत हेच! होडी बांधताना, "नक्की नाही पाहिलास?" पायऱ्या चढताना, "आठवून बघ हं." घरात नवरा, धरलेली पाठ घेऊन, दबक्या आवाजात, "अगं, हो म्हणून टाक ना! एवढासा तर शब्द आहे! बाबांची शेवटची खेप!" मी म्हटलं, शब्द लहान आहे, पण त्याच्या पुढे 'पाहिला' येतं, त्याचं काय करू? तर म्हणे, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही." बरं. नाही तर नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मोठ्या काकूंना सहज विचारलं, काकू, तुम्ही पुढे बसून मागचा मासा पाहिलात तरी कसा? काकूंनी आधी दार लोटलं.

"मी कुठला पाहते? माझी पण पाठच होती."

"काकू!"

"अगं, परत आलो, मी दोरीवरच्या चादरी काढत होते, हे आले, पाहिलास ना म्हणाले, मी म्हटलं, हो. मग शेजारचे म्हणाले, केवढा? माझ्या हातात चादरीची दोन टोकं होती. ते म्हणाले, बाप रे, एवढा!"

म्हणजे ज्या माशापुढे बाबांनी आजवर मान खाली घातली, त्याची लांबी चादरीच्या घडीएवढी! मी विचारलं, पण मासा खरंच होता का? तर काकू म्हणतात, "मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्यांनी खरं सांगितलं असतं, तर रोज ते 'हो, पाहिला' कुठल्या तोंडाने म्हणायचं? तू बोलू नकोस हं."

मी बोलणार नव्हते. खरंच! पण जेवायला बसलो आणि काका हात झटकून म्हणाले, "विषय संपला. हिनं पाहिला नाही, म्हणजे मासा नव्हता. माझ्या वेळी पुढच्या माणसानं पाहिला होता." आता हे अनुमान चूक आहे! चूक अनुमान ऐकलं की मला गिळत नाही, तुम्हाला सांगते, अक्षरशः घास गिळत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाहिला नाही म्हणजे नव्हता, असं होत नाही, काका. त्या होडीत पुढे बसलेल्याला मागचं दिसतच नाही. कुणालाही."

कुणालाही! हा शब्द कशाला घातला मी? काकांचा हात थांबला. ते हळूच काकूंकडे वळले. काकू ताटाकडे. बाबा एकदा वहिनींकडे, एकदा दादाकडे. आणि मला दिसलं, बाबांना सगळं कळलं! आयुष्यभर वाट पाहिली तो क्षण पुढ्यात वाढून ठेवलेला, फक्त तोंड उघडायचं... आणि बाबांनी तोंड उघडलं.

"तुमची जुनी होडी चांगली रुंद होती, दादा. वहिनींनी मान वळवली असेल."

"रुंद होती," काका म्हणाले. मग भावाकडे बघून, शेवाळाचं नाव न काढता, "तुझा केवढा होता रे?"

बाबांनी पाण्याचा घोट घेतला.

"खरं सांगू? तोंडावर पाणी उडालं, मी डोळे मिटले. मी पाहिलाच नाही. म्हणून तर सकाळपासून हिला विचारतोय."

म्हणजे माणूस साक्ष मागतच नव्हता हो! विचारत होता! आणि मी दिवसभर तत्त्व सांभाळत बसले!

बाबांनी खिशातून गळाचा आकडा काढून मांडला. सरळ झालेला, सुईसारखा. काका चष्मा वर करून म्हणाले, "दगडात अडकला असेल." बाबा म्हणाले, "असेलही." आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आता मी काय सांगू? दगडाने होडी थांबते, मान्य. ताणलेला दोरा किंचित मागे ओढतो, तेही मान्य. पण दगड पाणी उडवतो का? मला माहीत नाही! माझा सदरा बाहेर दोरीवर वाळत घातलाय, एवढं मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. फक्त पाठीकडून ओला आहे.