लाँड्रीची विहीर

(लाँड्रीमागचं अंगण. विहिरीच्या पंपाला नगरपालिकेचं सील. भूजलाची संशोधक विहिरीत मोजपट्टी सोडून उभी. शेजारी तिचा धाकटा भाऊ, बातमीदार. दारात लाँड्रीची मालकीण.)

बातमीदार: पण तूच म्हणाली होतीस ना, लाँड्रीच्या उपशाने पाणी खाली जाऊ शकतं?

संशोधक: जाऊ शकतं म्हटलं होतं. गेलं असं नव्हतं म्हटलं.

बातमीदार: ताई, एका क्रियापदाचा फरक.

संशोधक: त्या क्रियापदासाठीच तर आमचा सगळा खटाटोप असतो. आणि पुढचं वाक्य? चारच विहिरी तपासल्या, त्याही एकाच उन्हाळ्यात, आणि शहराची मोठी पाइपलाइन किती गळतेय हे कुणी मोजलेलंच नाही. ते कुठे गेलं?

बातमीदार: जागा नव्हती.

मालकीण: माझ्या दुकानाच्या फोटोला होती.

बातमीदार: काकू, फोटो मी नाही लावला. मथळाही वरून आला.

मालकीण: ‘शहराचं पाणी लाँड्रीने प्यायलं.’ पाठ झालाय मला. सील ठोकायला आले तेव्हा साहेबाच्या हातात तुमचाच पेपर होता. म्हटलं, आधी विहिरीत डोकावून तरी बघा. तर म्हणाला, शास्त्रज्ञांनी बघितलीय.

संशोधक: मी आज पहिल्यांदा बघतेय ही विहीर. त्या चारांत ही नव्हतीच.

बातमीदार: मग तेव्हाच फोन करायचास मला.

संशोधक: केला होता. तू मीटिंगमध्ये होतास. मग संपादकांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, बातमीला प्रतिसाद फार छान आहे.

मालकीण: होताच की. शेजारीण बोलेनाशी झाली. कामावरच्या बायका काही दिवस सकाळी येऊन पायरीवर बसायच्या, आता त्याही येत नाहीत. एकीच्या दारात कुणीतरी रिकामी बादली आपटून गेलं. लहान पोर आहे तिला, दचकून रडत होतं.

बातमीदार: बादली आपटा असं मी नव्हतं लिहिलं. नळाला पाणी का नाही, याचं लोकांना उत्तर हवं होतं. फोनवर फोन यायचे.

संशोधक: म्हणून हाताला लागलं ते दिलंस.

बातमीदार: तुझंच दिलं.

संशोधक: माझं अर्धं दिलंस. तू धडधडीत खोटं लिहिलं असतंस तर मला खोडता तरी आलं असतं. हे अर्धं खरं आहे. त्याचं मी काय करू?

मालकीण: तुमचं भांडण घरी करा. मॅडम, पाणी किती आहे ते सांगा.

संशोधक: फार खाली आहे. आणि मी तपासलेल्या त्या चार विहिरींचं तेव्हापेक्षा आणखी उतरलंय. तुमचा पंप बंद असूनसुद्धा.

मालकीण: मग झालं की. माझ्यामुळे नव्हतंच ते.

बातमीदार: ताई, हे भारी आहे. ‘लाँड्री निर्दोष.’ उद्या पहिल्या पानावर मागतो. तुझ्या नावासकट.

संशोधक: तसं नाही म्हणता येणार.

मालकीण: का?

संशोधक: मध्यंतरी ऊन वाढलंय. पलीकडच्या बांधकामावर नवा पंप बसलाय. पाणी उतरण्यात तुमचा वाटा होता का, होता तर किती, हे एवढ्यावरून कळत नाही हो. दोष सिद्ध झालेला नाही, इतकंच मी म्हणू शकते.

बातमीदार: त्याची बातमी होत नाही.

संशोधक: माहितेय.

मालकीण: म्हणजे सील ठोकायला तुमचं अर्धं वाक्य पुरलं. आणि काढायला अख्खं पुरत नाही.

संशोधक: मी येते तुमच्याबरोबर नगरपालिकेत. काय मोजलंय, काय मोजलेलं नाही, दोन्ही सांगते. आधी गळती मोजा म्हणते.

मालकीण: मी जाऊन आलेय. त्या साहेबाने पेपरातलं कात्रण टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलंय. माझ्याशी बोलताना त्यावरच बोट ठेवत होता.

बातमीदार: काकू, मी खुलासा छापून आणतो. आतल्या पानावर नक्की मिळेल जागा.

मालकीण: आतलं पान तुम्ही तरी वाचता का?

संशोधक: सांग ना त्यांना.

बातमीदार: काय सांगू?

मालकीण: काही नका सांगू. जरा बाजूला व्हा दोघं, पुढच्या दारी माणसं आलीत.

संशोधक: कपडे घेऊन?

मालकीण: नाही. मशीनचा भाव करायला.