तीस वर्षं कपाटात

काळासारखा दुसरा वाइनवाला नाही, असं पोर्तुगालमधल्या गाया गावची माणसं छातीवर हात ठेवून सांगतात. पोर्ट वाइनच्या गोदामात चव घ्यायच्या रांगेत ग्रासा नावाच्या बाईपुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

“अगं, इनेशच्या बाप्तिस्म्याला घेतलेली टॉनी पोर्ट आहे ही. मी धर्मपिता. उद्या तिच्या लग्नात चाळीस वर्षांची म्हणून देणार.”

“लेबलवर दहा लिहिलंय.”

“दहा पिंपात, तीस आपल्या कपाटात.”

“कपाटात धूळ मुरते, आर्लिंदो. पिंपातून काढून बाटलीत भरली की टॉनीचं वय थांबतं.”

“काहीतरीच. ताई, तुम्ही सांगा.”

गल्ल्यावरच्या बाईने बाटली उजेडात धरली. “दहाचीच आहे, काका. तिची चवही आता उतरली असेल.”

ग्रासाने आपल्या पिशवीतली, घरच्या कपाटात वर्षानुवर्षं जपलेली टॉनीची बाटली आणखी खाली दाबली.

“मग उद्या पोरीला देऊ काय?”

“हीच दे,” म्हातारी म्हणाली. “इनेश वाइन पीत नाही.”