इमानातली मांडी

…अन् वरतून ते इमानातली लिपस्टिकवाली पोट्टी हासत हासत मलेच इचारते, "अम्मा, कम्फर्टेबल?" आता ह्या बाईले काय सांगू? गुडघे माह्ये पुढच्या माणसाच्या पाठीत रुतलेले, कोपर बाजूवालीच्या पोटात, लुगड्याचा सोगा कोणाच्या बुडाखाली गेला ते त्या देवालेच ठाऊक, अन् हे म्हणते कम्फर्टेबल! मी म्हणलं, "सब बराबर है बेटी, खाली पाय बाकी रह गये. अब पाय क्या डोस्के पे रखू?"

तुमाले सांगते बायांनो, माणसानं इमानात बसावं, नातवाची हौस म्हणून एकदा बसावं, पण पाय घरी खुटीले टांगून जावं. हासू नका. तुमी इचोड्याच्या बसमंदी ऐसपैस बसणाऱ्या बाया, तुमाले काय कळते? सरका जरा, मले पाय लांब करू द्या… हां, असं. हे सुख त्या इमानात कोणालेच नाई, तो कोट घालून आलेला सायेब असो नाईतं मी असो.

आता मुळात मी उडालीच कायले? माही नात मीनल, माह्या पोराची, भारतची पोरगी, हाय बंगलोरले. तिले पोरगं झालं. म्हणजे मी पणजी झाली. अन् आपल्यात कसं असते, तुमाले ठाऊकच हाय… बारशाले बाळ पाळण्यात टाकाच्या आंधी घरातली सगळ्यात म्हातारी बाई पाटावर मांडी घालून बसते, पदर पसरते, अन् बाळ पहिलं तिच्या मांडीत पडते. मंग पाळणा, मंग नाव, मंग घुगऱ्या. अन् मांडी म्हणजे मांडी, बाप्पा! पुरी. दोन्ही गुडघे भुईले. खुर्चीवर बसून चालत नाई, एक पाय लांब करून चालत नाई. तशा अर्ध्या मांडीत पडलेलं पोरगं जल्मभर कोणत्याच कामात टिकत नाई म्हणते. आमचा भारत असाच अर्ध्या मांडीतला हाय, पण ते जाऊ द्या.

तं पणज्या होत्या दोन. एक मी बयनाबाई, अन् एक मीनलच्या नवऱ्याची आजी, प्रयागबाई, बेल्लमपल्लीची, किराणा दुकानवाली. बोलाले साखर. फोनवर म्हणते, "बसा न इहीनबाई तुमीच, मान तुमचा, तुमी मोठ्या." मोठीच हावो मी. कितीनं मोठी ते माह्या मायलेबी ठाऊक नव्हतं, पण मोठी. मंग हळूच म्हणते, "पण गुडघ्याचं काय करता?" घ्या! साखरेतून खडा निघाला का नाई? मी म्हणलं, "माह्ये गुडघे अजून कपाशी निंदाले जाते बाई, तुमी तुमच्या गुडघ्याची दुकानदारी पाहा." अन् फोन ठेवल्याबराबर तेल घेऊन बसली चोळत. काऊन का गुडघे दुखूनच राह्यले होते न! पण तिले कायले सांगू?

अमर, माहा नातू, मीनलचा भाऊ, हैद्राबादले नोकरीले हाय. तो म्हणे, आजी, रेल्वेनं गेली तं एवढ्या लांब बसून बसून गुडघे धरतील, तुही मांडीच होणार नाई. इमानानं जाऊ, तासाभराचं काम, डोळे मिटले का बंगलोर. म्या लगेच प्रयागबाईले फोन लावला. म्हणलं तुमी या रेल्वेनं डुलत डुलत, मी वरतून हात करीन, दिसलं तं पाहा. सगळ्या गल्लीत सांगून आली का म्हातारी गुडघे वाचवाले आभाळातून चालली.

आता तासाभराचं काम कसं असते ते ऐका. इचोड्याहून हैद्राबाद बसनं. बस मातर एक नंबर. चपला खाली काढल्या, सीटवर घातली मांडी, मांडीवर पिशवी, पिशवीवर झोप. कंडक्टर "जरगम्मा, जरगम्मा" करते, म्हणजे सरका माय सरका, तं थोडं सरकाचं, पण मांडी नाई मोडाची. तितून इमानाचा अड्डा म्हणजे अजून एक गाव वलांडून. तिथं लाईन, मंग लाईन संपली का दुसरी लाईन. एका बाईनं माहा अडकित्ता काढून घेतला. मी म्हणलं, सुपारी हाय माय, तुमच्या पायलटले कातरणार नाई मी. पण नाई दिला. तेलाची शिशी मातर ठेवू दिली. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियाचं तेल, उटनूरच्या बाजारातून आणलेलं, वासानं ढोर पळते, पण गुडघ्याले अमृत. म्हणलं बारशाच्या आंधी चोळीन अन् बसीन ठसक्यात.

मंग आत गेली, अन् पाह्यलं… अन् तशीच परत फिरली. मले वाटलं हे सामान ठेवाची जागा असन, माणसाची पुढं असन. मागून लोकं म्हणते "अम्मा, चलो." कुठं चलो? जिनिंगमंदी कापूस दाबून गठाण बांधते पाह्यली का तुमी? तसं मले दोघाच्या मंधात दाबलं, वरून पट्टा आवळला. अमरची जागा पार मागं. बाजूबाजूले बसाचं तं त्याचे पैसे अलग, म्हणते. पाय लांब कराची रांग हाय, पण त्याचे अजून अलग. म्हणजे पाहा, मी काई फुकट नाई, अन् माह्ये पाय तं माह्याहून महाग! मी मागं मान वळवून ओरडली, "अमऱ्या, पाय काय डोस्क्यावर ठेवू?" सगळं इमान हासलं. तो पोट्टा अशी खाली मान घालून बसला, जसा माहा कोणीच नाई.

मंग सवयीनं काय केलं, चपला काढल्या अन् घातली मांडी. आपल्याले ठाऊकच नाई न सीटवर पाय सोडून बसणं. डावा पाय वर घेतला, बसला. उजवा घेतला तं गुडघा पडला बाजूच्या पोराच्या कम्पूटरवर. अन् टकटक टकटक काईतरी उमटलं, अन् गेलंबी. ते पोरगं पांढरंफक. "आंटी, बॉस को मेल चला गया!" मी म्हणलं काय गेलं? त्यानं वाचून दाखवलं, नुसतं जजजजज. म्हणलं बेटा, बॉस समजेगा, काम चालू है. तवर ते लिपस्टिकवाली आली. "अम्मा, पैर नीचे. सेफ्टी." नीचे? नीचे माही पिशवी, पिशवीच्या नीचे चपला, चपलांच्या मंधात पुढच्याची ब्याग. तूच सांग माय, पाय काय…? ते न आयकताच गेली.

अमरनं मंग मले उतरल्यावर समजावलं. म्हणे आजी, पयले जागा बरी होती. कंपन्यांनी काय केलं, प्रत्येक रांगेतली बोट बोट जागा काढली, अन् त्यात अजून रांगा बसवल्या. अस्सं! म्हणजे आपला शिंपी करते तेच की. सगळ्या गावच्या पोलक्यातून बोट बोट कापड मारते, अन् आपल्या पोरीले नवं झबलं शिवते. फरक एवढाच, शिंप्याचं पोलकं दाटलं तं आपण जाऊन भांडू शकतो. इथं कोणाशी भांडता? खाली उतरता येते का मंधातच?

अन् एवढ्यानं झालं असतं तं मी बोलली नसती. इमान वर गेलं, पट्ट्याचा दिवा इझला, अन् पुढच्या माणसानं कटकन खुर्ची पाडली मागं. पाडली म्हणजे माह्या गुडघ्यावरच पाडली! जीव कळवळला. अन् त्या माणसाचं टक्कल आलं माह्या अशा नाकाखाली. गोल, कोरडं, भेगाळलेलं… उनाळ्यातल्या वावरासारखं. मी पयले खोकली. नाई उठला. गुडघ्यानं ढुसकी देली. त्याले वाटलं इमान हालते. मंग मी म्हणलं थांब लेका. आपल्या मांडीपाशी डोकं आणून टाकते म्हणजे तेल लावाले आला असन. काढली शिशी, घेतलं तळहातावर, अन् देलं थापून टक्कलावर!

मले वाटलं उडी मारन, शिव्या देन, खुर्ची सरळ करन. पण नाई वो बाई! तो "आहा…" म्हणे. खरंच सांगते, डोळे न उघडता "आहा" म्हणे, अन् अजून खाली सरकला! आता हात काढावं तं गुडघ्यावर खुर्ची, अन् चोळत राहावं तं तो घोरे. मलेबी चेव आला. नातवाईची डोकी चोळलेले हात हाय हे, थांबतेच कायले. कानामागं जिरवलं, मानेपर्यंत नेलं. चारी रांगांत मोहाचा वास. एक बाई नाकाले रुमाल लावून इचारे, इंजिनातून येते का? उतरतानी तो माणूस चकचकीत डोकं घेऊन उभा राह्यला अन् त्या लिपस्टिकवालीले इचारते, "मॅडम, इसका चार्ज अलग है क्या?"

लय हासली मी. हासत हासत उभी राहाले गेली… अन् उभीच राहाले येईना. गुडघे खुर्चीच्याच आकारात राह्यलेले. शिशीत पाह्यलं, तं शिशी कोरडी. सारं अमृत त्या टकल्याले गेलं, अन् माह्ये गुडघे उपाशी. अमरनं मले चाकाच्या खुर्चीवरून भाईर काढलं. म्हणजे खुर्चीतून सुटली, खुर्चीतच बसली.

दुसऱ्या दिवशी बारसं. सकाळीच प्रयागबाई रेल्वेतून उतरून आली. खालच्या बर्थवर आडवी होऊन, पाय लांब करून, टेसनाटेसनाले चहा पिऊन. गजऱ्यासारखी ताजी. मले पाहून म्हणते, "इहीनबाई, हात केला व्हता का वरतून? मी खिडकीतून पाहून राह्यली व्हती." मी गुडघ्यावरून पदर ओढून घेतला.

मीनलनं पाट मांडला, रांगोळी काढली. बाळ आणलं. काय सांगू कसं होतं… मुठी आवळलेल्या, कपाळाले आठी, डिट्टो आमच्या घरचं तोंड. मी पदर सावरून पाटाजवळ गेली. अर्धी वाकली, अन् कडकन् गुडघा धरला. ना खाली जाते, ना वर येते. बाया टकामका पाहे. अमरनं एका बगलेत धरलं, मीनलनं दुसऱ्या, तरी डावा गुडघा मोडेचना. कोणी म्हणे खुर्ची आणा. मी म्हणलं खबरदार, माह्या पणत्याले अर्ध्या मांडीत नाई घेणार मी, घरात एक भारत बस झाला. प्रयागबाई बाजूले उभी होती. एक शब्द टोचून नाई बोलली हो. म्हणे, "घाई नका करू बाई, मी थांबते, पाळणा थांबते." अन् ते जास्त लागलं. इकडं बाळ भुकेनं रडाले लागलं. तवा मीच म्हणलं, "घ्या प्रयागबाई, बसा तुमी."

बसली. घडी घातलेल्या चादरीसारखी बसली, एका दमात. अन् माह्या पणत्यानं तिच्या मांडीत पडल्याबराबर रडणं बंद केलं. मी मागं खुर्चीवर. पाय दोन्ही सरळ पुढं, जसे दुसऱ्याचेच असावं.

मंग म्हणलं आता बस झालं. अमरले सांगितलं, माहं परतीचं इमान रद्द कर, मी रेल्वेनं जाते, प्रयागबाईसोबत, खालच्या बर्थवर, पाय पसरून! अमर म्हणे आजी, आता येनवक्ताले जागा भेटन तशी भेटन. म्हणलं भेटन तशी घे, इमानापेक्षा तं बरीच असन. प्रयागबाईचंबी परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं, दोघींचं संगंच काढलं. गाडीत चढलो, नंबर शोधला, तं दोघींचा नंबर एकच! टीटी आला, मी म्हणलं सायेब, चूक झाली. तो म्हणते, "चूक नहीं अम्मा, आर.ए.सी. है. एक बर्थ, दो आदमी. आमने सामने बैठो." खिडकीले लागून एक बोटभर फळी, इकडच्या टोकाले मी, तिकडच्या टोकाले प्रयागबाई, अन् मंधात चार पाय. आता ठेवता कुठं? माह्ये तं वर घेताच येत नव्हते, ते आपले खाली लोंबत. तिनं थोडा वेळ आखडून धरले, मंग जेवण झालं, डोळे जड झाले, अन् हळूच, "रागावू नका हं इहीनबाई," म्हणत दोन्ही पाय ठेवले… माह्या मांडीत.

काय करता? पदर टाकला वरून. थोडं थापटलं. झोपली बिचारी.