गाडी नीट झाली की

नाही हो अक्का, प्यालेला नाही आमचा ड्रायव्हर. सगळे हेच विचारतात. आम्हा जैनांच्या घरी नोकरीला आहे तो, आमच्या आवारात कांदासुद्धा खात नाही — बाहेर जाऊन खातो, ते मला ठाऊक आहे, पण दारू? नाव नको. सकाळी तुमच्या टोपल्यावर गाडी येता येता राहिली, त्याबद्दल मी हात जोडते, पण दोष नथ्थूचा नाही. दोष गाडीचा आहे. स्टेअरिंग सैल आहे तिचं. आणि जुनी असती तर बोलले नसते — नवी आहे हो, कोरी! नंबर लावून, वाट बघून बघून मिळालेली जीप. बोनेटवर मी कुंकवाचा साथिया, आमचं स्वस्तिक, काढला होता तो अजून पुसला नाही. बसा ना, इकडे सरका, निंबाची सावली इकडे आली आहे. तुमची एस. टी. काय, येईल तेव्हा येईल. हे गेलेत इथल्या, धुळ्याच्या मिस्त्रीला घेऊन गाडीची चाचणी बघायला, सोनगीरच्या बाजूला गेलेत, येतील. तोवर मी एकटीच आहे. पाणी घेता? घ्या, छागळीतलं आहे, कापडी पिशवीतलं, गार आहे.

आमच्या ह्यांना खेडोपाडी जावं लागतं ना, कापूस बघायला — नाल्यातनं, वाळूतनं — तिथं साधी मोटार काय चालणार? म्हणून जीप घेतली. जळगावात आमच्या गल्लीत पहिलीच. नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, शेजारच्या बायका बघायला आल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, हिनं तेवढेही दाखवले नाहीत. एरंडोलच्या अलीकडे सरळ रस्ता आहे, वळण नाही, काही नाही, आणि गाडी आपली चालली भुईमुगाच्या वावरात. नथ्थू चाक फिरवतोय, फिरवतोय, पाव फेरा झाला तरी गाडीला पत्ता नाही — आणि मग एकदम ऐकते, आणि दुसऱ्या कडेला जाते! हे ओरडले, "नाचता येईना अंगण वाकडं, बाजूला हो." मग ह्यांनी घेतली चालवायला. मग आम्ही वावरात नाही, बाभळीत गेलो. नथ्थू मागून म्हणाला, "शेठ, गाडी मन्हं ऐकत नही, नि तुमनंबी ऐकत नही." तेव्हापासून मी गाडीत बसले की नवकार म्हणत बसते, डोळे मिटून. बैलगाडीवाले तर आम्हांला लांबून ओळखतात आता — जीप दिसली की गाडी रस्त्याच्या खाली घेतात आणि बैलाच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहतात.

आणि मिस्त्री तरी किती दाखवले! जळगावचा म्हणाला चाकांत हवा जास्त आहे. हवा कमी केली. भुसावळचा म्हणाला हवा कमी आहे. एक तर उंटावरचा शहाणा भेटला, म्हणाला बाईमाणसं मागं एका बाजूला बसतात म्हणून गाडी ओढते. मला मधोमध बसवलं! आता हा धुळ्याचा मिस्त्री म्हणे हुशार आहे. पुढची चाकं ज्या दांड्यानं जोडतात ना, त्याचे सांधेच म्हणे मुळात ढिले बसवलेत. सगळे नवे घातले सकाळपासून. बघू. माझा नाही भरवसा. तीन वेळा नीट झाली ही गाडी आणि तीन वेळा पुन्हा तशीच.

कुठं निघालो? शिंदखेड्याला. लेक दिली आहे तिथं, थोरली, हीरा. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आणायची आहे. आमच्यात आखातीज म्हणतात, तुमच्यात आखाजी — लेकीनं माहेरी यायचं ते सारखंच. झोका बांधून ठेवलाय मी, मागच्या अंगणातल्या निंबाला, नव्या दोरानं — तुम्ही कुठल्या? शिंदखेड्याच्याच? अगंबाई.

नाही, नाही, तसं काही नाही. चांगली माणसं आहेत, चांगलं घर आहे. तेलाच्या घाण्यासमोरचं — हो, तेच, दोन ओट्यांचं. दूध घालता तुम्ही तिथं? मग तुम्हांला माहीतच… म्हणजे माहीत असायला आहे काय त्यात? चांगलं चाललंय तिचं. जरा वाळली आहे, एवढंच. उन्हाळ्यात वाळतातच पोरी. घ्या, आणखी पाणी घ्या. खाकरा खाता? मी केलेत, तिच्यासाठी, पण खूप आहेत.

पाणी एवढं का बाळगलंय म्हणता? अहो, लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत आम्ही. तुमच्यात लेकीला मूल होईपर्यंत नाही ना जेवत? आमच्यात जन्मभर नाही. म्हणून जाताना छागळ भरून न्यायची, घरच्या विहिरीची. मागच्या वेळी होळीनंतर गेलो होतो, ह्याच गाडीनं, बाभळी चुकवत चुकवत. छागळ गाडीला पुढं लटकवलेली. आम्ही आत बैठकीत, व्याही सुपारी कातरताहेत, ह्यांच्याशी भाव बोलताहेत, आणि मी मागच्या बाजूला गेले तर हीरा कुठं नाही. बाहेर आले तर गाडीपाशी. उकिडवी बसलेली, छागळीला तोंड लावून — अक्का, वासरू पितं तशी पीत होती हो. डोक्यावरची ओढणी घसरली तरी भान नाही. सगळी छागळ संपवली. मी म्हटलं, अगं, हळू, ठसका लागेल. तर म्हणते कशी, "बाई, आपल्या विहिरीचं आहे." आम्ही आईला बाईच म्हणतो, वडिलांना बासा. परत येताना आम्ही दोघं तहानलेले, पारोळ्यापर्यंत.

हात दिसला तेव्हा मला. ओढणी घसरली ना, म्हणून दिसला. म्हणाली तव्यावर पोळलं. तवा काय अक्का, कोपराच्या मागच्या बाजूला लागतो? शेजारी शेजारी, एकासारखे एक चट्टे? मी स्वयंपाकघरातच म्हातारी झाले, मला कळत नाही तवा कोणता आणि चिमटा कोणता? — हे तुम्ही कुणाला बोलू नका. शपथ आहे तुम्हांला. त्याच गावात राहायचंय तिला.

निघताना ह्यांच्या पाया पडली आणि उठेचना. पायच धरून ठेवले. हळू म्हणाली, पण मी ऐकलं, "बासा, मला आत्ताच घेऊन चला." सगळे ओट्यावर उभे. हे खाली बघत होते. मग मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "आत्ता कसं नेणार, बेटा? गाडीचा भरवसा नाही, स्टेअरिंग सैल आहे. वाटेत काही झालं तर? गाडी नीट झाली की न्यायला येतो. आखातीजेला नक्की." तिनं गाडीकडे बघितलं. मग उठली. गाडीला हात लावून नमस्कार केला तिनं, अक्का. गाडीला.

तेव्हापासून चाललंय हे. मी रोज विचारते, झाली का नीट? हे म्हणतात, मिस्त्रीकडे आहे. झाली का? भाग मागवलाय. झाली का? झाली होती, पुन्हा सैल झाली. मीही मनात म्हटलं, बरोबर आहे, जिवाशी खेळ नको. आपल्या पोरीला अशा गाडीत कसं घालायचं? चोपड्याला जातानासुद्धा मी हेच —

चोपड्याला? ते धाकटीचं, प्रमिलाचं ठरतंय ना तिथं. स्थळ फार चांगलं आहे. मागच्या महिन्यात जाऊन आलो. हो, ह्याच गाडीनं. हो… सैलच होतं तेव्हाही.

काय सांगू आता तुम्हांला. तुमच्यासमोर लपवून काय उपयोग, तुम्ही तर त्या घरात दूध घालता. चोपड्याच्या मुलाच्या आईनं पहिला प्रश्न काय विचारला असेल? मुलगी काय शिकली, नाही. रांधता येतं का, नाही. "थोरली सासरी सुखात आहे ना?" मी म्हटलं, आहे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, शाबास म्हटल्यासारखी. अक्का, हीरा एकदा आली की परत जायची नाही. हे मला ठाऊक आहे आणि ह्यांनाही ठाऊक आहे. आणि थोरली माहेरी येऊन बसली की धाकटीला कोण करतं? एकीला बाहेर काढायला जावं तर दुसरी दारातच अडते. ह्यांना वाईट म्हणू नका. झोपेत दात खातात हल्ली. वाईट माणूस असता तर इतके मिस्त्री कशाला दाखवले असते? सरळ नाही म्हणाला असता.

थांबा. आली बघा. ती काय, धूळ दिसते ना —

अगंबाई. अक्का. सरळ येतेय की हो.

बघा ना तुम्ही, माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. कडेला नाही, इकडे नाही, तिकडे नाही — सुतासारखी! नथ्थूनं एक हात सोडलाय चाकावरचा, हसतोय बघा मेला. झाली हो, झाली नीट! डबा कुठं ठेवला मी — हे खाकरे, ही गुळपापडी, आता दुपार कलायच्या आत शिंदखेडा. तुम्हीही चला आमच्याबरोबर, एस. टी.ची वाट कशाला बघता, मधोमध बसा, आता कुठंही बसा! तुम्हांला घरापर्यंत सोडू. तुम्ही दूध द्यायला जाता तेव्हा भेटते का ती? बोलते? आज बघितलीत? पहाटे? इतक्या पहाटे काय करत होती ओट्यावर?

गाठोडं घेऊन?

अंधार असल्यापासून? आणि तुम्ही विचारलंत तर काय म्हणाली? — गाडी येणार आहे, म्हणाली.

बघा, मिस्त्री हसतोय. शेठ, आता लहान पोरानं चालवली तरी चालेल, म्हणतोय. हे का हसत नाहीत? चाक धरून हलवून बघताहेत. पुन्हा हलवताहेत. "थोडा खेळ आहे अजून, सैलच आहे," म्हणताहेत का? ऐकू आलं ना तुम्हांला? मिस्त्री म्हणतोय, नाही शेठ, खेळ औषधालाही नाही. खाली वाकले. सांधे बघताहेत. त्यांना काय कळतंय सांध्यातलं? उठा हो आता, उठा. गाडी बरी आहे. उन्हात असं किती वेळ बसणार जमिनीवर?

उठले. इकडे बघत नाहीत. नथ्थूला काहीतरी सांगितलं.

गाडी वळवतोय नथ्थू. आता मागं घेईल आणि मग आग्रा रोडला… नाही. तिकडे नाही रे. अक्का, तो कुठला रस्ता? पारोळ्याचा ना? मला दिशा कळत नाहीत नेहमी, म्हणून विचारते. पारोळ्याचाच. म्हणजे जळगावचा.

हो. तोंड जळगावकडे आहे.

मला ठाऊक होतं. गाडी सरळ येताना बघितली तेव्हाच ओळखलं होतं, पण वर हसत होते. बिघडलेली होती तोवर बरं होतं हो. तोवर आम्ही निघालेले तरी होतो.

तुमची एस. टी. आली. पाटी वाचता येते तुम्हांला? मलाही नाही, पण तो ओरडतोय ना — शिंदखेडा, शिंदखेडा. ऐका, हा डबा घ्या. त्या ओट्यावर द्या, तिच्याच हातात द्या. आणि ही छागळ घ्या. घ्या हो, ह्यांना मी सांगेन, विसरली, पडली, काहीही सांगेन. पाणी अर्धं आहे, सांडू नका. तिला म्हणावं गाडी मिस्त्रीकडे आहे. नवा भाग मागवलाय. आला की…

मी? तुमच्याबरोबर? एस. टी.त?

नको अक्का, असा हात धरू नका. सोडा. मी कधी एकटी नाक्यापर्यंत गेले नाही. आणि जाऊन करू काय? घेऊन कुठं येऊ तिला? प्रमिलाचं… सोडा ना. हे बघताहेत. हॉर्न वाजवतोय नथ्थू, मला बोलावताहेत. आले हो, आले! जा तुम्ही, जागा मिळणार नाही, खिडकीजवळ बसा, छागळ मांडीवर धरा. जा म्हणते ना.

अक्का — बाई आली होती का धुळ्यापर्यंत, असं विचारेल ती. नव्हती म्हणा.