वाळूतली फळी

(कुवेतमधला फिंतासचा किनारा, उतरतं ऊन. वाळूत बोटाने रेखलेली एक लांबट फळी. जुईली तिच्यावर पालथी. तिचे बाबा हरीश थर्मास घेऊन दगडावर बसलेले.)

हरीश : पुन्हा गुडघा टेकलास.

जुईली : वाळू सरकते, बाबा.

हरीश : आणि पाणी काय, थांबून राहणाराय? ऊठ गो. हात छातीखाली, एका दमात उभी राहा.

जुईली : समोर बघा ना. ताटात ओतून ठेवल्यासारखा समुद्र. कुवेतमध्ये लाटेवर उभं राहायला शिकणारी मी पहिलीच वेडी असेन.

हरीश : पेरूत गेल्यावर सांगू नकोस कुणाला. म्हणतील, पोरीने लाट पाहिली नाही आणि आली स्वार व्हायला.

जुईली : सांगणारच. हॉस्टेलमध्ये सकाळची न्याहारी मी करायची, बदल्यात खाट फुकट. बोलायला काहीतरी हवंच.

हरीश : न्याहारी? तू?

जुईली : उपमा.

हरीश : बिचारे. घरदार सोडून लाटांसाठी आले, आणि नशिबात तुझा उपमा.

जुईली : हसा. मांकोरापासून किनाऱ्या-किनाऱ्याने खाली, बसने. बसवाले फळीचं वेगळं भाडं घेतात, म्हणून फळी त्या त्या गावात भाड्याची. चिकामाला एक लाट आहे, बाबा, ती संपतच नाही म्हणे. पाय दुखले म्हणून लोक उतरतात.

हरीश : आणि ते गवताच्या होड्यांचं गाव?

जुईली : वांचाको. तिथले कोळी गुडघ्यांवर बसून वल्हवतात आणि लाटेवरूनच घरी येतात.

हरीश : म्हणजे टेकलेला गुडघा चालतो कुठेतरी. ते नीट बघून घे. फोटो पाठव.

जुईली : बाबा.

हरीश : हं.

जुईली : सकाळी अरुणकुमारने, आपल्या बिल्डिंगच्या हारिसने, लिफ्टपाशी गाठलं मला. म्हणाला, आपका फ्रिज मेरे को ही देना, हां.

हरीश : हा अरुणकुमार! बिल्डिंगची राखण सोडून लोकांच्या घरात नाक.

जुईली : आपण फ्रिज का देतोय?

हरीश : जुना झालाय.

जुईली : आई कुडाळला लग्नाला गेली, ती अजून का आली नाही?

हरीश : घराला रंग काढतेय.

जुईली : सरळ सांगा.

हरीश : कंपनी साठीच्या पुढच्यांना घरी बसवतेय. दिवाळीपर्यंत मी आहे. मग इकामा, इथे राहायचा परवाना, रद्द. तुझा माझ्यावरच आहे, तोही जाईल.

जुईली : म्हणजे मी फिरून येईन तेव्हा...

हरीश : तेव्हा आपल्या दारावर दुसऱ्याची पाटी असेल.

जुईली : मी इथे जन्मले, बाबा.

हरीश : मग? जन्मगावाचाही इकामा लागतो इथे.

जुईली : मी नाही जात उद्या. दिवाळीपर्यंत थांबते. सामान बांधू, सगळ्यांना भेटू, एकत्र निघू.

हरीश : म्हणूनच बोललो नव्हतो.

जुईली : मला सांगायला हवं होतंत.

हरीश : आमच्याकडे होडी पाण्यात लोटली की बायका दर्याकडे पाठ करायच्या. तुझी चारुआते पण, म्हणजे आमची आक्का. निघालेल्याला मागून हाक मारायची नाही. आक्का म्हणायची,

होडी लोटली दर्यात, मागं हाक देऊ नये
उंबऱ्याची ओढ, बाई, वल्ह्याला गं लावू नये

जुईली : आणि तोंडातून हाक निघालीच तर?

हरीश : आक्काची कधी निघाली नाही. पाठीकडे बघून मात्र कळायचं, किती आवरलीय ते.

जुईली : तुम्ही तर मघापासून माझ्यासमोर बसून ओरडताय.

हरीश : तू अजून निघालीस कुठे?

जुईली : घर रिकामं होताना मी तिथे असायला हवं, असं वाटतं.

हरीश : रिकामं बघून काय करशील? भरलेलं बघून जा.

(जुईली वाळू झटकत त्यांच्या शेजारी येऊन बसते.)

हरीश : चहा घे. घोटभर उरलाय.

जुईली : गोड झालाय.

हरीश : आई नाही ना साखर मोजायला.

जुईली : धरा कप. पुन्हा करते. बघताय ना?

हरीश : बघतोय... हां. आता राहिलीस उभी.

जुईली : उद्या विमानतळावर याल?

हरीश : येईन. काचेच्या दारापर्यंत. मग पाठ फिरवीन.

जुईली : आणि मी वळून बघितलं तर?

हरीश : हाच निळा शर्ट घालतो. पाठीवरून ओळखशील.